खानापूर, दुसरा रविवार

कंडक्टर शून्य रुपयांची दोन तिकिटं फाडतो,
एक माझं, एक कस्तुरीचं.
पिशवीत तिची पाण्याची बाटली, पाढ्यांची वही,
आणि घडी घातलेला कागद:
डॉक्टर, आत्या, पोलीस ठाणं.
सतराचा पाढा तिला येत नाही. हे तीन नंबर येतात.

रवळू पाट्या रंगवायचा.
किराणा, शिलाई, सायकल दुरुस्ती.
वर कन्नड, खाली मराठी,
कोणी सांगितलं तर उलट,
कोणी दमात घेतलं की परत सुलट.
"आपल्याला काय, रंग दोन्हीला तेवढाच लागतोय की."
मला कन्नड वाचायला त्यानंच शिकवलं,
शहापुरातून सायकलवर डबलसीट,
दुकानामागून दुकान:
ही अंगडी, हा अक्कसालिग, हे आस्पत्रे.
मराठीच्या डोक्यावर रेघ, म्हणायचा,
कन्नडच्या डोक्यावर तुरा.

मग त्याची झोप गेली.
तीन रात्री गल्लीतली दारं रंगवत होता, न विचारता,
प्रत्येक दारावर त्या घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव.
अक्षर असं की हलगेकरांच्या म्हातारीनं
आपलं दार अजून पुसू दिलेलं नाही.
चौथ्या रात्री कस्तुरीला स्कूटरवर घालून निघाला,
समुद्र दाखवतो म्हणून.
कणकुंबीत पेट्रोल संपलं.
पहाटे चारला चहावाल्यानं फोन केला.
मी पोचले तेव्हा ती बाकावर बसून
चहात बिस्किट बुडवत होती.
आई, आम्ही काजवे मोजले.
दिसावेत म्हणून बाबांनी लाइट बंद करून गाडी चालवली.

हे वाक्य कुठं ठेवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याला धारवाडला नेलं.
धारवाड म्हटलं की आमच्याकडे पुढचं कोणी विचारत नाही.

वकील म्हणाले, ती रात्र हीच आपली केस.
कागद कन्नडमध्ये टाइप होऊन आला.
सही इथे, आणि इथे.
सातव्या ओळीत, त्याच्या नावापुढे, एक शब्द:
हुच्चु.
टायपिस्टला वाटलं असेल, हिला कुठं वाचता येतंय.
मी म्हटलं, खोडा. कायिले लिहा.
"अर्थ तोच की हो बाई."
एकाला औषध असतं, दुसऱ्याला पोरं दगड मारतात.
खोडा.
घाट ठेवा. काजवे ठेवा. बंद लाइट ठेवा.

ताबा मला मिळाला.
आई म्हणाली, ज्याचा स्वतःवर ताबा नाही
त्यानं पोरीचा मागायचाच कशाला.
मी ताटातला भात चिवडत बसले.

महिन्यातून दोन रविवार, दहा ते चार,
आत्याच्या घरी, आत्यासमोर.
आज अंगणात फळी आडवी टाकून
दूध डेअरीची पाटी चाललीय.
गोळ्यांनी हात थरथरतो.
वळणं निभतात, सरळ रेघ निभत नाही.
रेघ कस्तुरी ओढते, जीभ बाहेर काढून,
तो तिच्या कोपराखाली नुसता तळवा धरतो,
टेकू न देता.

मी पाणी प्यायला म्हणून आत जाते,
फडताळातली पट्टी काढते, रिकामी भोकं मोजते.
दर वेळी मोजते. वाटायचं, त्याला ठाऊक नाही.
दारातून आवाज आला:
"मंगळवारची चुकली. आपल्या तोंडानं सांगतोय. बाकीच्या बघ."
मी पट्टी हातात धरून तशीच उभी.
"मोजत जा गे," तो म्हणाला,
आणि ब्रश धुवायला गेला.

परतीची बस. कस्तुरीच्या नखांत निळा रंग.
बाबा समुद्र दाखवणार आहेत, म्हणते,
बरे झाले की.
दिवसा, मी म्हणते.
"आणि लाइट लावून," ती म्हणते,
आणि माझ्या दंडावर डोकं टाकून झोपते.